वाचकांचे प्रश्न : टोमॅटोचे जुने वाण निवडताना

प्रश्न : आजवर आमच्याकडे कुंड्यांत नेहमीचे लाल संकरित टोमॅटोच लावले गेले. आता काळपट, हिरवे, पट्टेदार असे जुने वाण लावावेत असे वाटते. परंतु जागा जेमतेम चार रोपांची आहे आणि बियाण्यांची यादी वाचून गोंधळ उडतो. निवड कशी करावी? पुढच्या हंगामासाठी बी घरीच धरता येईल का?

उत्तर : यादीतील छायाचित्रे बाजूला ठेवावीत आणि फळ केवढे होते व रोप लावल्यापासून ते पिकायला किती दिवस लागतात, हे आधी पाहावे. रंगाचा विचार नंतर. ‘ब्रँडीवाइन’ हा मोठ्या गुलाबी फळांचा वाण चवीसाठी नावाजलेला आहे खरा. पण त्याला ८० ते १०० दिवस लागतात, फळे मोजकीच धरतात, आणि तेवढ्या काळात दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंशांच्या वर जाऊ लागले आणि रात्रीही उकाडा राहिला, तर पराग निकामी होऊन फुले गळतात. चार रोपांत असा जुगार आम्ही खेळणार नाही.

त्यापेक्षा दोन रोपे ‘ब्लॅक चेरी’ची लावावीत. लहान फळांचे वाण हवामानाचे चढउतार अधिक सोसतात. तिसरे ‘ग्रीन झेब्रा’चे असावे. हा वाण अमेरिकी वाण-पैदासकार टॉम वॅग्नर यांनी १९८३ साली आणला, म्हणून काटेकोर मंडळी त्याला ‘जुना’ मानत नाहीत. लावणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. त्याचे फळ पिकले तरी हिरवेच राहते. फिकट पट्ट्यांवर पिवळसर झाक आली आणि अंगठ्याने हलकेच दाबल्यावर ते किंचित दबले की तोडावे.

चौथे रोप ‘चेरोकी पर्पल’चे. पिकतानाही त्यातील हरितद्रव्य पूर्णपणे नाहीसे होत नाही, आणि ते लाल रंगद्रव्यात मिसळून फळाला काळपट जांभळी छटा येते. देठाजवळचा भाग बहुधा हिरवटच राहतो. तो लाल होण्याची वाट पाहिल्यास फळ खालून लिबलिबीत होते. कोरड्या मातीत एकदम भरपूर पाणी दिल्यास ते तडकते, म्हणून पाणी नियमित द्यावे. हे तिन्ही वाण वाढतच राहणारे आहेत. निदान २० लिटरची कुंडी आणि माणसाच्या उंचीचा भक्कम आधार हवाच.

बी अवश्य धरावे. टोमॅटोत मुख्यतः स्वपरागीभवन होत असल्याने सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचे बी सहसा मूळ गुणांचेच निघते. संकरिताचे तसे नसते. तरीही मधमाश्यांमुळे थोडा संकर होऊ शकतो. म्हणून एखाद्या झुपक्यावर फुले उमलण्यापूर्वीच विरळ कापडाची पिशवी बांधावी आणि फळ धरल्यावर ती काढून तेथे खुणेचा दोरा बांधावा. त्या फळातील गर बियांसह भांड्यात दोन-तीन दिवस आंबू द्यावा, मग बिया धुऊन बशीत वाळवाव्यात; कागदावर वाळवल्यास त्या चिकटून बसतात.