राणीसाहेब 'मामा' कशा?

प्रश्न असा आला आहे: 'कोरियन ऐतिहासिक मालिकांत राणीला सगळे "मामा, मामा" करतात. हा आपलाच मामा तिकडे गेला का? आणि राजाला कधी "जॉनहा" तर कधी "फेहा" म्हणतात, त्यात फरक काय?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आईचा भाऊ, नाक्यावरचा हवालदार आणि 'मामा बनवणे' या तिघांनाही इथं सुट्टी.

'कोरियन भाषेत शेकडो भारतीय शब्द' असे निरोप पुढे ढकलणाऱ्यांनी सध्या उच्छाद मांडलाय. पुरावा काय, तर कोरियन मूल आईला 'ऑम्मा' आणि बापाला 'आप्पा' म्हणतं. अहो, तान्ह्या पोरानं ओठ मिटून उघडले की मा, पा, बा हेच निघणार. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे चक्क बाप! तिथं काय करणार? दुसरा पुरावा म्हणून 13व्या शतकातल्या 'सामगुक युसा' या कोरियन ग्रंथातली आयुता देशाची राजकन्या पुढे केली जाते. इ. स. 48 मध्ये ती समुद्रमार्गे आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाशी तिचं लग्न झालं, अशी ती कथा. आयुता म्हणजे अयोध्या असं क्षणभर धरलं तरी दरबारी 'मामा' तिच्या पेटाऱ्यातून काही निघत नाही.

शोधायचंच असेल तर मंगोलांकडे बघा. कोरियातलं तेव्हाचं गोऱ्यो राज्य त्यांच्यापुढे झुकलं आणि 1274 मध्ये तिथल्या युवराजानं कुब्लाई खानाच्या मुलीशी लग्न केलं. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मंगोल राजकन्या सुना म्हणून येत राहिल्या, आणि सून आली की माहेरचे शब्द येतातच. राजाच्या जेवणाला मालिकांत 'सुरा' म्हणतात ना, तो शब्द याच काळातला, मंगोल 'शुलेन'वरून आलेला (आपल्या सुरेशी संबंध लावू नका, हात जोडतो). 'मामा'ही याच वऱ्हाडाबरोबर आला असं बरेच अभ्यासक मानतात, आणि मलाही तेच पटतं. काही कोशकार मात्र चिनी 'मामा', म्हणजे आई, यावर बोट ठेवून मोकळे होतात. मग दाढीवाल्या राजाला 'सांगाम मामा' का म्हणायचे? यावर कुणीतरी ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो याची आठवण करून देणार, हे ठाऊक आहे. पण ती वारीतली माया झाली. ज्या दरबारात मान वर केली तर ती धडावर राहायची नाही, तिथं राजाला लाडानं आई कोण म्हणेल?

तर 'मामा' हा राजघराण्याला लावायचा धाक-आदराचा शब्द. आता खरी गंमत. जुन्या कोरियनमध्ये 'मामा' हे एका रोगाचंही नाव आहे. कोणता रोग? देवी!

आपण काय केलं ते आठवा. 'तोंडावर देवीचे वण', 'देवी काढल्या', आणि तेही आदरार्थी अनेकवचनात: 'त्याला देवी आल्या होत्या.' नाव घेतलं तर कोप होईल म्हणून सापाला 'जनावर' म्हणणारी माणसं आपण. कोरियनांनी तेच केलं. रोगाला राणीची पदवी दिली, शिवाय 'सोननिम' म्हणजे पाहुणा म्हटलं. पाहुणा खूश होऊन निघावा म्हणून निरोपाचा विधी करायचे आणि त्यात त्याला बसायला काडक्यांचा घोडा द्यायचे. व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातही सिनेमाआधी एक सूचना यायची: पूर्वीच्या मुलांना वाघ, मामा आणि युद्ध यांचं सर्वांत मोठं भय असे. पुढचा मजकूर अर्थातच वाईट कॅसेटींच्या नावानं!

ज्या सुकजोंग राजाच्या अंतःपुरावर एवढ्या मालिका निघाल्या, त्याचंच घर बघा. जांग ही-बिन त्याची लाडकी. तिच्यासाठी 1689 मध्ये राणी इनह्योनला हाकललं, 1694 मध्ये परत आणलं, आणि 1701 मध्ये जांगला विष देऊन संपवलं. पण या दोघींच्या आधीची पहिली राणी 1680 मध्ये देवीनं गेली. म्हणजे मामा मामानं गेल्या! 1683 मध्ये राजालाच देवी आल्या. त्याच्या आईला एका मांत्रिक बाईनं ऐन थंडीत गार पाण्यानं स्नान करायला सांगितलं. राजा वाचला आणि आई त्या स्नानानं आजारी पडली ती उठलीच नाही. पटकथाकार सूड आणि कटांच्या मागे धावतात. माझ्या मते त्या महालातला सर्वांत ताकदवान दरबारी हा पाहुणाच होता.

बरं, 'जॉनहा' राहिलंच. अर्थ 'महालाच्या खाली'. राजाला थेट हाक मारायची नाही, खाली उभ्या सेवकांकडे बघून बोलायचं, असा भाव. 'फेहा' म्हणजे 'पायऱ्यांच्या खाली', ते सम्राटासाठी. मंगोलांनी गोऱ्यो राजांचं 'फेहा' काढून घेतलं आणि 'जॉनहा'वर भागवायला लावलं. गोऱ्योनंतर आलेल्या जोसॉन घराण्याचे राजेही 'जॉनहा'च राहिले. 1897 मध्ये त्यांच्यातल्या गोजोंग राजानं स्वतःला सम्राट घोषित केलं तेव्हा 'फेहा' परत आलं. युवराजाला 'जॉहा'. खालची भाषांतरपट्टी या तिघांनाही 'महाराज' म्हणत असेल तर पट्टी बंद करा आणि कान उघडे ठेवा.