वाचकांचे प्रश्न : मॅग्नेशियम भाकरीतून की गोळीतून?

मॅग्नेशियमविषयी विचारणारी पत्रे अलीकडे वाढली आहेत आणि त्यांतील बहुतेक पत्रांमध्ये गोळ्यांच्या डबीचा उल्लेख आहे. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयासाठी ठेवले आहे.

प्रश्न : माझे वय 63 आहे. रात्री झोपेत पोटऱ्यांना वांब येतात. शेजारच्या ताईंनी सांगितले म्हणून औषधांच्या दुकानातून मॅग्नेशियमच्या गोळ्या आणल्या. रक्ताची तपासणी केली, तर मॅग्नेशियम व्यवस्थित निघाले. तरीही गोळ्या घेत राहावे का? रक्तदाबासाठी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी आणि आम्लपित्तासाठी रोज सकाळी एक कॅप्सूल चार वर्षांपासून चालू आहे. (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून तेथूनच सुरुवात करते. आम्लपित्तासाठी दिल्या जाणाऱ्या पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या गटातील कॅप्सूल दीर्घकाळ घेतल्यास काही रुग्णांच्या आतड्यातून मॅग्नेशियम नीट शोषले जात नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2011 मध्ये याबाबत इशारा दिला होता. वर्षभराहून अधिक काळ ही औषधे घेणाऱ्यांमध्ये हा त्रास प्रामुख्याने आढळला. रक्तदाबावरील पाणी काढणाऱ्या अनेक गोळ्यांमुळे लघवीतूनही मॅग्नेशियम वाहून जाते. आपण दोन्ही औषधे एकाच वेळी घेत आहात, म्हणजे आत येण्याची वाट अरुंद झाली आहे आणि बाहेर जाण्याची रुंद.

आता तपासणीविषयी. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत आणि उरलेले बहुतेक स्नायूंत व इतर पेशींत असते. रक्तद्रवात एक टक्काही नसते. रक्तातील पातळी घसरू नये यासाठी मूत्रपिंडे मॅग्नेशियम राखून ठेवतात आणि हाडांतील साठ्यातूनही थोडी भर पडत राहते. त्यामुळे अहवालात आकडा कमी आला, तर कमतरता आहे असे समजावे; पण आकडा व्यवस्थित आला म्हणजे साठा भरलेला आहे, असे त्यावरून म्हणता येत नाही. कमतरता तीव्र झाली की हातापायांना मुंग्या, थरथर, हृदयाचे अनियमित ठोके आणि क्वचित झटके अशी लक्षणे दिसतात. तिच्याबरोबर पोटॅशियम आणि कॅल्शियमही खाली येते आणि मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय ते वर चढत नाही, हा अनुभव रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला असतो.

वांब येण्याचे मात्र हे एकच कारण नाही. वयस्कर माणसांना रात्री येणाऱ्या वांबांवर मॅग्नेशियमची गोळी आणि औषध नसलेली नकली गोळी यांची तुलना अनेक अभ्यासांत झाली आहे आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळलेला नाही. म्हणून केवळ वांबांसाठी या गोळ्या चालू ठेवाव्यात, असे मी म्हणणार नाही. आपल्या डॉक्टरांना दोन्ही औषधांची नावे दाखवा, मॅग्नेशियमबरोबर पोटॅशियम, कॅल्शियम आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिन तपासण्याविषयी विचारा आणि आम्लपित्ताची कॅप्सूल अजून खरोखर लागते का, हेही विचारा. चार वर्षांपूर्वी दोन आठवड्यांसाठी लिहिलेली कॅप्सूल तशीच चालू राहिल्याची उदाहरणे मी नेहमी पाहते. ती स्वतःहून एकाएकी बंद मात्र करू नका. वांब आला की गुडघा सरळ ठेवून पायाचा पंजा हाताने आपल्याकडे ओढावा; स्नायू ताणला गेला की कळ ओसरते.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. घरात दूध भरपूर असते. त्यातून मॅग्नेशियम पुरेसे मिळते का? नसल्यास काय खावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दुधातून कॅल्शियम चांगले मिळते, पण मॅग्नेशियम फारसे नाही, 100 मिलिलिटरमध्ये जेमतेम 10 ते 12 मिलिग्रॅम. मॅग्नेशियमचा खरा पुरवठा वनस्पतींकडून होतो आणि त्यामागे कारण आहे. पानांना हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. बियांमध्येही रोपाच्या पहिल्या दिवसांची शिदोरी म्हणून ते साठवलेले असते. या दृष्टीने शाकाहारी माणूस तोट्यात नाही, उलट फायद्यात आहे. मात्र ताटात काय वाढले आहे, त्यावर सारे अवलंबून राहते.

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला 440 आणि स्त्रियांसाठी 370 मिलिग्रॅम मॅग्नेशियमची शिफारस केली. हा आकडा मोठा वाटेल, म्हणून आपल्या स्वयंपाकघरातच हिशेब मांडून पाहू. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांना साधारण 120 ग्रॅम पीठ लागते, त्यातून सुमारे 160 मिलिग्रॅम मिळते. मोड आलेल्या मुगाच्या वाटीभर उसळीत कोरडे मूग 30 ग्रॅमच्या आसपास असतात. त्यांचे 60 धरा. कोशिंबिरीत आणि भाजीत मिळून 20 ग्रॅम दाण्याचे कूट गेले, तर आणखी 35. तिळाची चटणी 10 ग्रॅम घेतली, तर तेवढेच पुन्हा. यात माठाची किंवा चाकवताची वाटीभर पालेभाजी आली, की स्त्रीची दिवसाची गरज जवळपास भागते आणि रात्रीचे जेवण अजून व्हायचेच असते.

आता याच जागी दुसरे ताट ठेवून पाहा. 100 ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात अवघे 20 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते, तर त्याच तांदळाच्या हातसडीच्या दाण्यात 90 च्या घरात. मैद्याचीही गत तीच. धान्यातील मॅग्नेशियम मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असते आणि गिरणीत नेमके तेच निघून जाते. सकाळी ब्रेड, दुपारी पांढरा भात, रात्री नूडल्स असा दिवस गेला, तर पोट भरते आणि मॅग्नेशियम मात्र राहून जाते. ज्या घरात पूर्वी भाकरी होत असे आणि आता होत नाही, त्या घरांविषयी मला खरी काळजी वाटते.

नाचणी, बाजरी, राजगिरा, हरभरा, राजमा, जवस, भोपळ्याच्या बिया, बदाम आणि काजू हेही उत्तम. भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतात आणि सोबत लेकुरवाळी भाजी करतात. त्या एका ताटात भरड धान्य, तेलबिया, ओला हरभरा आणि दाणे असे सगळे एकत्र येते. ते वर्षातून एकदाच का करावे, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

धान्यांत आणि कडधान्यांत फायटिक आम्ल असते, ते मॅग्नेशियमला बांधून ठेवते. कडधान्य रात्रभर भिजवणे, मोड आणणे, इडली-आंबोळीचे पीठ किंवा नाचणीचे आंबील आंबवणे या सवयींनी ते बरेच कमी होते. पालेभाजी उकडून हिरवे पाणी मोरीत ओतू नये, कारण मॅग्नेशियम पाण्यात उतरते. ते पाणी आमटीला किंवा कणकेला वापरावे. पालकात ऑक्झलेट हा मुतखड्याला कारण होणारा घटक फार असल्यामुळे, ज्यांना मुतखडा झालेला आहे त्यांनी मॅग्नेशियमसाठी रोज पालक खाऊ नये, चवळईसारख्या ऑक्झलेट असलेल्या भाज्याही टाळाव्यात आणि कडधान्ये व ज्वारी यांवर भर द्यावा.

प्रश्न : माझ्या बहिणीला बाळंतपणात रक्तदाब वाढल्यामुळे मॅग्नेशियमची इंजेक्शने दिली. तिच्या शरीरात ते कमी होते का? आता गोळ्या सुरू कराव्यात का? (एक वाचक भगिनी, नांदेड)

उत्तर : ती इंजेक्शने कमतरतेसाठी नव्हती. गरोदरपणात रक्तदाब फार वाढला, तर झटके येण्याचा धोका असतो आणि मॅग्नेशियम सल्फेट हे त्यावरचे औषध आहे. 33 देशांतील 10 हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेला मोठा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. ते काम आता संपले आहे. बहिणीला गोळ्यांची गरज नाही; रक्तदाब तपासून घेण्याची मात्र आहे, आणि ती पुढेही नियमितपणे.

प्रश्न : वडिलांना मूत्रपिंडाचा विकार आहे. त्यांना बद्धकोष्ठतेसाठी मॅग्नेशियमचे पांढरे औषध देत होतो. डायलिसिस केंद्रातील परिचारिकेने ते बंद करायला सांगितले. का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्यांनी योग्य तेच सांगितले. निरोगी माणसाने आहारातून जास्त मॅग्नेशियम घेतले, तर मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मूत्रपिंडे थकली की तेच रक्तात साठते, रक्तदाब उतरतो, स्नायू ढिले पडतात आणि श्वास व हृदयाची गती मंदावू शकते. अनेक जुलाबाच्या आणि आम्लपित्ताच्या औषधांत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असते, तेव्हा बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय वडिलांना काहीही देऊ नका.

प्रश्न : कपाशीवर लाल्या आला, म्हणजे पाने लाल पडू लागली, की आम्ही मॅग्नेशियम सल्फेट फवारतो. माणसाला लागणारे मॅग्नेशियम हेच का? आमची आजी म्हणते, पूर्वी पोट साफ होण्यासाठी हेच मीठ घेत. (एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : मूलद्रव्य तेच आहे आणि कपाशी त्याची कमतरता फार स्पष्टपणे दाखवते. मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी शिरांच्या मध्ये पिवळी आणि मग लाल होतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. लाल्यामागे नत्राची कमतरता आणि बोंडे भरण्याच्या काळात पडणारी थंडी अशी इतरही कारणे असतात, त्यामुळे फवारणीपूर्वी माती तपासून कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेणे चांगले.

आजींचे म्हणणेही खरे आहे. इंग्लंडमधील एप्सम गावच्या कडू पाण्यातून मिळणारे हे मीठ सतराव्या शतकापासून रेचक म्हणून वापरले जाई. पण आपल्या गोणीतील मीठ शेतीसाठी बनवलेले आहे. त्याची शुद्धता औषधाच्या प्रतीची नसते आणि त्यात इतर धातूंचे अंश असू शकतात. ते पोटात घेऊ नका आणि मुलांना तर मुळीच देऊ नका. त्याचे स्फटिक साखरेसारखे पांढरे दिसतात, म्हणून गोणी घराबाहेर, फवारणीच्या औषधांच्या कोठीत, नाव लिहून ठेवा.