दाढ एक, चिठ्ठ्या दोन

प्रश्न : गेल्या महिन्यात माझी दाढ रात्रभर ठणकत होती, गरम चहा लागला की कळ थेट कानापर्यंत जाई. आमच्या गावच्या दंतवैद्यांनी अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिक गोळ्यांचा पाच दिवसांचा कोर्स दिला. मुलीकडे पुण्याला गेले, तर तिथल्या डॉक्टरांनी तो मधेच थांबवला, त्याच दिवशी रूट कॅनॉल सुरू केले आणि केवळ वेदनाशामक गोळ्या दिल्या. उलट माझ्या यजमानांना (त्यांच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप आहे) नुसते दात साफ करण्याआधी ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम घ्यायला लावल्या. यात बरोबर कोण?

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे दाढेतल्या नसेला सूज आल्याची दिसतात. ही नस कठीण भिंतींच्या आत कोंडलेली असल्याने सुजेचा दाब वाढत जातो, तिचा रक्तपुरवठा घटतो आणि रक्तातूनच पोहोचणारे औषध नेमके तिथे पोहोचत नाही. म्हणूनच अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढाला अशा दुखण्यात अँटिबायोटिक न देता दाढेवरच उपचार करावेत. गालावर सूज पसरली, ताप आला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते द्यावेच लागते.

मग गोळ्यांनी बरे वाटल्याचे इतके जण का सांगतात? अनेकदा नस मरते, ठणका थांबतो आणि श्रेय गोळ्यांना मिळते. मुळाशी संसर्ग मात्र वाढतच राहतो. आपल्या पहिल्या डॉक्टरांना मी सरसकट दोष देणार नाही, कारण तपासणीत त्यांना काय आढळले हे मला ठाऊक नाही. तरीही त्याच दिवशी उपचाराला वेळ नसला, किंवा रुग्णच ‘सध्या गोळ्यांवर भागवा’ म्हणाला, की चिठ्ठीत अँटिबायोटिक येते, ही आमच्या व्यवसायातली जुनी सवय आहे.

यजमानांच्या चार कॅप्सूल हा उपचार नसून प्रतिबंध आहे. दात साफ करताना तोंडातले जंतू रक्तात शिरून कृत्रिम झडपेवर बसू नयेत, यासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन अशा रुग्णांना ३० ते ६० मिनिटे आधी दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिनचा एकच डोस सुचवते. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने मात्र २००८ मध्ये असा डोस देण्याच्या विरोधात शिफारस केली आणि २०१६ मध्ये ती ‘सर्रास देऊ नये’ अशी सौम्य केली. तेव्हा तज्ज्ञांतही मतभेद आहेत. झडप बदललेल्या रुग्णाला मी स्वतः तो देतो.

आपल्या कोर्समधल्या काही गोळ्या घरी उरल्या असतील. धातूची झडप असल्याने यजमान वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असणार. मेट्रोनिडाझोलने तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. त्यांची दाढ दुखली, तर ती उरलेली स्ट्रिप किंवा आपल्या वेदनाशामक गोळ्या त्यांना परस्पर देऊ नका. दंतवैद्यांना झडपेबरोबरच त्या गोळीचे नाव आणि शेवटचा आयएनआर (रक्त किती वेळात गोठते हे सांगणारी चाचणी) रिपोर्टही दाखवा.