मायक्रोवेव्ह राहू द्या, ओट्यावरचा भात आधी फ्रिजमध्ये ठेवा

तुम्ही विचारलंय की ऑफिसात रोज डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ला तर कर्करोग होतो का, आणि रात्रीची तयार पाकिटं बंद करावीत का. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: लहरींमुळे होत नाही. २४५० मेगाहर्ट्झच्या लहरीत डीएनए तोडण्याइतकी ऊर्जाच नसते. ती मुख्यतः अन्नातलं पाणी तापवते, आणि यंत्र बंद झालं की लहरही संपते. अन्नात काहीही साठून राहत नाही.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. लहरींना घाबरणारी हीच माणसं दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवतात आणि वर ठासून सांगतात, "खळखळून उकळलं की सगळं मरतं." नाही मरत. तांदळात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजतानाही टिकतात. गोव्याच्या उकाड्यात भात तासन् तास कोमट राहिला की ते रुजतात. त्यांच्यातले काही उलटी आणणारं असं विष तयार करतात, जे पुन्हा उकळूनही जात नाही. मग दुसऱ्या दिवशी उलट्या होतात आणि खापर फुटतं मायक्रोवेव्हवर.

बांगडा आणि तारलीचंही तेच. बाजारातून घरी येईपर्यंत मासळी बर्फाविना तापली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. तळा, हुमण (नारळ घातलेली मासळीची आमटी) करा, ते तसंच राहतं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि घरचे म्हणतात मासळीची ॲलर्जी आहे. म्हणून बाजारात जाताना बर्फाची पिशवी सोबत न्या आणि मासळी सगळ्यात शेवटी घ्या.

कालची मासळीची कडी खाऊ नका असं मी म्हणत नाही. पूर्वीच्या बायका करायच्या तशा, चुलीवर आटवून घट्ट केलेल्या, सोलं (आमसुलं) घातलेल्या कडीत पाणी कमी आणि आंबटपणा जास्त, त्यामुळे ती पातळ हुमणापेक्षा बरी टिकते. पण आज टोपभर पातळ हुमण तसंच झाकून ठेवायचं आणि त्या बायकांचा दाखला द्यायचा, हे चुकीचं आहे. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात दोन इंचांहून कमी थर करून फ्रिजमध्ये ठेवा. खोल टोपात मधला भाग फार वेळ कोमट राहतो.

ऑफिसात गरम करताना भातावर चमचाभर पाणी शिंपडा, झाकण सैल ठेवा, अर्ध्यावर ढवळा आणि बंद झाल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या. लहरी सगळीकडे सारख्या पोचत नाहीत, कडेला वाफ आणि मध्ये गार असं होतं. मधूनही वाफ यायला हवी.

डबा मात्र बदला. नारळाच्या हुमणावरचा तेलाचा तवंग १०० अंशांच्या वर जाऊ शकतो आणि पार्सलचे पातळ डबे तेवढी उष्णता सोसत नाहीत. डब्याला हळदीचा न जाणारा डाग पडतो, कारण रंग प्लास्टिकमध्ये शिरलेला असतो. तशीच प्लास्टिकातली रसायनं तेलात उतरू शकतात. काच किंवा चिनी मातीचं भांडं घ्या.

पाकिटांबद्दल थोडक्यात. फ्रिजबाहेर टिकणारी तयार जेवणाची, म्हणजे रिटॉर्ट पाकिटं सुमारे १२१ अंशांवर निर्जंतुक केलेली असतात, त्यामुळे ती टिकायला प्रिझर्व्हेटिव्ह लागतच नाही. त्रास मिठाचा. लेबलावरच्या सोडियमला २.५ने गुणलं की मीठ कळतं, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, आतलं भांड्यात काढा. चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि इतर सॉसेज रोज नको: प्रक्रिया केलेलं मांस २०१५ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात आहे.

एक सांगायचं राहिलं. समुद्राकाठच्या घरांत खारट हवेने दाराजवळचा पत्रा गंजतो. दार वाकलं असेल, बिजागरी सैल असेल किंवा आत ठिणग्या उडत असतील, तर यंत्र वापरायचं थांबवा. ठिणग्यांचं कारण बऱ्याचदा आतल्या बाजूच्या अभ्रकाच्या पातळ तुकड्यावर जळलेलं तेल असतं आणि तो तुकडा बदलता येतो. दार मात्र घरी खोलून दुरुस्त करायचं नाही.