कोतोनूला येतोयस? आधी मुलीच्या दाखल्यावरचं नाव बघ

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप उडाली, म्हणून उत्तर लांबणार आहे. तू लिहिलंस: "न्हावा-शेव्याला सीएचएकडे, म्हणजे कस्टम्स क्लिअरिंगच्या एजंटकडे, सहा वर्षं काढली. पश्चिम आफ्रिकेत, बेनिनमधल्या कोतोनूतून ऑफर आली आहे. तिथे म्हणे बंदराची कंत्राटं घेणारा माणूस थेट राष्ट्राध्यक्ष झाला, म्हणजे आपल्या लायनीला वाव असणार. बायको आणि दुसरीतली मुलगी, दोघींना बरोबरच नेऊ का?" आणि वर मला 'सर' म्हटलंस. सर नको. मीही पनवेलचाच, आणि तुझ्यासारखीच शिपिंग बिलं घेऊन धावत वाढलो.

व्हिसा, लशी, पिवळं कार्ड हे सगळं सरकारी पानांवर मिळेल, ते मी सांगत बसत नाही.

आधी त्या राष्ट्राध्यक्षाचं. पात्रिस तालों मुळात कापसाचा माणूस. १९८५ मध्ये त्याने खतं-औषधं पुरवायची कंपनी काढली, मग जिनिंगचे कारखाने. त्याच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष बोनी यायी यांच्या २००६ आणि २०११ च्या निवडणुकांना पैसा त्याने पुरवला. २०११ मध्ये आयात मालाच्या तपासणीचं कंत्राट त्याच्या कंपनीकडे आलं. त्याला इथे पीव्हीआय म्हणतात. कंटेनर स्कॅन करायचा, मालाची किंमत ठरवायची, शुल्क बरोबर भरलंय का बघायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याच्या हातात हे, त्याच्या हातात बंदराची चावी. मी २०१२ च्या जानेवारीत उतरलो तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर हाच विषय होता. त्याच वर्षी सरकारने कंत्राट काढून घेतलं, आणि ऑक्टोबरात यायींना विष घालण्याच्या कटाचा आरोप तालोंवर आला. तोवर तो फ्रान्समध्ये होता. फ्रेंच न्यायालयाने त्याला परत पाठवायला नकार दिला, २०१४ मध्ये यायींनी माफी दिली, २०१५ मध्ये तो परतला आणि २०१६ मध्ये पंतप्रधान लिओनेल झिन्सूला दुसऱ्या फेरीत हरवून राष्ट्राध्यक्ष झाला. मग विषाच्या प्रकरणातला त्याचा वकील न्यायमंत्री झाला, आणि डेलॉइटमधला चाळिशीचा हिशेबनीस, रोम्युआल्ड वादाग्नी, अर्थमंत्री. तपासणीचं कंत्राट पुन्हा जुन्याच कंपनीकडे गेलं.

म्हणजे वाव आहे, तू म्हणशील. थांब. याच बंदराने दुसरा एक माणूस खालीही आणला. सेबास्तियां आजावों, गोठवलेल्या कोंबडीचा मोठा आयातदार, २०१६ च्या पहिल्या फेरीत तिसरा आलेला. दुसऱ्या फेरीत त्याने तालोंलाच पाठिंबा दिला होता. त्याच ऑक्टोबरात त्याच्या कंपनीच्या नावाने आलेल्या कोंबडीच्या कंटेनरमध्ये १८ किलो कोकेन सापडलं. आठवड्याभरात कोर्टाने त्याला संशयाचा फायदा देऊन सोडलं. दोन वर्षांनी नव्याने काढलेल्या खास न्यायालयाने त्याच प्रकरणात २० वर्षांची शिक्षा सुनावली, तोवर तो फ्रान्समध्ये. खरं-खोटं इथल्या लोकांनी ठरवावं. आम्ही मात्र ते दोन-तीन आठवडे प्रत्येक कंटेनरचं सील आकडा वाचून, फोटो काढून, पुन्हा एकदा वाचून मगच ताब्यात घेत होतो. माझी ती सवय अजून गेलेली नाही.

हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच की ही शिडी त्यांची आहे. ते चढतात, पडतात, पुन्हा चढतात, कारण त्यांचा गाव, त्यांची भाषा, त्यांची मतं इथे आहेत. तुझी-माझी शिडी ऑपरेशन्स मॅनेजरपाशी संपते, आणि खाली धरलेली असते ती दरवर्षी नूतनीकरण होणाऱ्या परवान्याने. मालकाशी वाजलं की आधी परवाना जातो, मग पगार. पगार सेफा फ्रँकमध्ये, म्हणजे इथल्या चलनात ठरव, हरकत नाही. तो युरोला बांधलेला आहे, एका युरोला ६५५.९५७, त्यामुळे शेजारच्या नायजेरियाच्या नायरासारखा रातोरात वितळत नाही. पण धंदा मात्र नायजेरियावरच चालतो. कोतोनूला उतरणारा तांदूळ, त्यात आपल्या काकिनाड्याचा उकडा तांदूळ भरपूर, बहुतेक सीमेपलीकडेच जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नायजेरियाने सीमा बंद केली ती डिसेंबर २०२० पर्यंत. तेव्हा माझा पगार सात महिने अर्धा होता. घरी मी सांगितलंच नाही.

आता कागद. यावर माझं डोकं अजून तापतं.

आपल्याकडे मुलीच्या नावामागे बापाचं नाव, मग आडनाव. इथल्या कारकुनाला ते कळत नाही. त्याच्या लेखी आडनाव एक, आणि बाकीची सगळी तिची स्वतःची नावं. म्हणजे माझ्या मुलीचं दुसरं नाव पुरुषाचं. रेसिडेन्स कार्डाच्या खिडकीवर त्या माणसाने फॉर्मकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि विचारलं, "मुलगा की मुलगी?" दोन वेण्या घालून उभी होती ती. बायकोचं तर विचारूच नको. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि लग्नात आमच्या आईने हौसेने तिचं पहिलं नावही बदललेलं. तीन कागद, तीन बायका. "या तिघींपैकी तुमची पत्नी कोण?" हे त्या खिडकीवरचं वाक्य आमच्या घरात अजून चालतं. आता हसून. त्याआधी याच कागदांपायी पाच महिने ती आणि पोरगी पनवेलला अडकल्या होत्या. तेव्हा निघायच्या आधी, तिथेच, प्रतिज्ञापत्र कर, गॅझेटमध्ये नाव छापून घे, आणि फ्रेंच भाषांतर मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून करून घे. तुझ्या क्लासच्या सरांकडून नको. मी ती चूक केली होती.

आणि शाळा. खरं म्हणजे मी याच्यासाठीच लिहायला बसलो.

पोरगी दुसरीत होती, तुझीसारखीच. इथे एका फ्रेंच माध्यमाच्या शाळेत तिला एक वर्ग खाली घेतलं. ठीक, भाषा नाही, समजू शकतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी गणितात वीसपैकी १८ आणि दिक्तेत शून्य. दिक्ते म्हणजे श्रुतलेखन. प्रत्येक चुकीला गुण कापतात, शून्यावर थांबतात. नशीब की उणे जात नाही. तिने कधी एका शब्दाची चूक दोनदा केली नाही, पण चुका नव्या नव्या होत्या. शाळेने एक कागद घरी पाठवला, रात्री मी सही केली, सकाळी ती घेऊन गेली. त्या आठवड्यात माझं एक जहाज अडकलं होतं, रोज डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, चढत होतं, मी बंदरातच झोपत होतो. जूनमध्ये कळलं की ती त्याच वर्गात राहणार. मी भांडायला गेलो तर बाईंनी शांतपणे तो कागद पुढे ठेवला. विद्यार्थिनीस त्याच वर्गात ठेवण्यास पालकांची संमती. खाली माझी सही.

मी बी-एलची, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या पावतीची, ओळ न् ओळ वाचतो. मालाच्या वर्णनात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मला दिसतो. तो कागद मी वाचला नाही.

सात वर्षांची पोर, आधीच एक वर्ग खाली, मग आणखी एक वर्ष. बाकीची मुलं पुढे गेली. ती मधल्या सुट्टीत धाकट्या मुलांबरोबर बसायची, असं बायकोने सांगितलं. शाळेला मी पुष्कळ शिव्या घातल्या. अजून घालतो, पण आवाज आता कमी झालाय.

तेव्हा उत्तर हे: पहिलं वर्ष एकटा ये. पोरीला तिथे फ्रेंचची शिकवणी लाव, बाराखडीसारखी, रोज. बायकोलाही शिकू दे, म्हणजे शाळेतून आलेला कागद वाचणारं घरात कोणी असेल. आणि शाळेत जायच्या दिवशी जहाज बुडालं तरी जा.

एकटेपणाचं तू शेवटी, जाता जाता विचारलंस. होतो. सवय होते. सिंधी, गुजराती आहेत, दिवाळीला बोलावतात. गणपती दीड दिवसाचा, विसर्जन बादलीत, कारण इथला समुद्र आपल्यासारखा गुडघाभर पाण्यात उभं राहू देत नाही. सहाराकडून येणाऱ्या हार्मटान वाऱ्याच्या धुळीत जानेवारी जातो. बस, एवढंच.

एवढंच नाही, पण ते लिहिता येत नाही. तालोंचं मी जे इतकं लक्ष ठेवून वाचलं, ते राजकारणासाठी नव्हतं. तो तीन वर्षं पॅरिसात राहिला, आणि परत गेला तेव्हा विमानतळावर माणसं उभी होती. मला येऊन बारा वर्षांच्या वर झाली. परत जायचं तर पनवेलला कोण उभं असेल याचा हिशेब मी करतो, आणि आकडा दरवर्षी कमी होतो. पोरगी आता फ्रान्समध्ये लिऑनला शिकते. आईशी मराठीत बोलते, माझ्याशी भांडायचं असलं की फ्रेंचमध्ये. दिक्तेचं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बाबा, कुठलं दिक्ते?" तिला आठवत नसेल किंवा मला सोडून देत असेल, कळलं नाही.

तू मुलीच्या जन्मदाखल्याचा आणि पासपोर्टचा फोटो पाठव. बायकोचाही, माहेरच्या नावाचा कागद धरून. तुमच्याकडची वेळ साडेचार तास पुढे आहे, मी सकाळी उठून बघेन. ऑफर लेटरही पाठव, सगळी पानं. सही अजून केली नसशील तर करू नकोस.