चाळीस फुटांवर असतानाच

प्रश्न : वय ३६, सांगलीत विश्रामबागला राहते. नवरा कुपवाड एमआयडीसीत. त्यांना पंधरा मिनिटं उशीर झाला की माझी छाती धडधडते, मी फोनवर फोन लावते. ते आले की त्यांच्यावर, मुलांवर ओरडते, मग रात्री रडते. सासूबाई म्हणतात, नाटकं आहेत. थायरॉइड, रक्त सगळं ठीक आलं. डॉक्टरांनी मानसोपचाराची १२ सत्रं सुचवलीत. इतक्या वर्षांचा स्वभाव तीन महिन्यांत बदलेल?

उत्तर : ताई, स्वभाव बदलायचाच नाहीये. आठवड्याला एक, ४५-५० मिनिटांच्या या सत्रांत काम होतं ते धडधड सुरू झाल्यापासून तुम्ही ओरडेपर्यंतच्या वेळेवर. आपल्या कृष्णेच्या पुराचंच बघा : आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. सामान माळ्यावर चढवायचं ते चाळीसलाच. तुमचा 'चाळीस' कोणता? दात आवळले जाणं? तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघणं? पहिली दोन सत्रं बहुधा हेच शोधण्यात जातील. वहीत वेळ, प्रसंग, मनातला विचार आणि धडधडीची पातळी आकड्यात लिहायची.

श्वासाचा सराव मन शांत असताना करा, दिवसातून दोनदा, ५ मिनिटं. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. बऱ्याचजणी तो थेट पूर आल्यावर करून बघतात, मोठमोठे श्वास ओढतात, त्यानं चक्कर येते आणि 'याचा उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. श्वास लहानच हवा, पोटातून.

खरी अडचण फोनची आहे. फोन लागला की मिनिटभर बरं वाटतं आणि मन शिकतं, फोन केला म्हणून संकट टळलं. म्हणून पहिल्या आठवड्यात फोनआधी १० मिनिटं थांबा, पुढे २०, मग ३०. दर पाच मिनिटांनी पातळी लिहा. आधी ती चढेल (तिसऱ्या-चौथ्या सत्राला उपचार सोडावासा वाटतो तो यामुळेच), मग आपोआप उतरेल. यजमानांना हे आधी सांगून ठेवा. त्यांनी मायेपोटी मधेच 'निघालो गं' असा मेसेज टाकला की त्या दिवसाचा सराव फुकट.

मुलांवर आवाज चढणार असं वाटलं तर 'दहा मिनिटांत येते' सांगून खोलीबाहेर जा आणि दहाव्या मिनिटाला परत या. न सांगता गेलात तर मुलांना तो अबोला वाटतो.

सहा सत्रांनंतरही वहीतले आकडे हलले नाहीत तर उपचारकांना तसं स्पष्ट विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती बघून घ्या. झोप किंवा जेवण तुटलं तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. गोळ्या सुरू झाल्या तरी सत्रं चालू राहतात, फक्त गोळ्या मनानं बंद करू नका. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

सासूबाईंना पटवण्यात मात्र एकही सत्र घालवू नका. आणि वही कपाटात, कुलपात ठेवा.