पारख शिकताना आधी एवढेच करा

वेंगुर्ल्याच्या बाजारात मासळी घेताना आपण कल्ले उघडून पाहतो. नव्या आध्यात्मिक शिकवणीचीही तशीच पारख करावी, असे बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१) सांगितले आहे. तुम्ही सुरुवात करत आहात, म्हणून प्रथम एकच प्रश्न विचारा: ही शिकवण येशूला देवाचा देहधारी पुत्र मानते, की अनेक गुरूंपैकी एक?

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे सुटे वचन ऐकून मान डोलावणे. लूक १७:२१ मधील ‘देवाचे राज्य तुमच्यामध्ये आहे’ हे वाक्य ‘तुमच्यातच देवत्व आहे’ अशा अर्थाने सांगितले जाते. पण आधीचे विसावे वचन उघडा, म्हणजे हे वाक्य येशू त्याला प्रश्न विचारणाऱ्या परूश्यांना, म्हणजे त्याला विरोध करणाऱ्या कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांना, सांगत होता हे दिसेल, आणि त्यांच्याच अंतरी देवत्व आहे असे तो म्हणेल, हे संभवत नाही. मीही हे वचन बरीच वर्षे चुकीचे वाचले.

दुसरी चूक शेजाऱ्यांशी फटकून वागण्याची. चिपळूणला पूर आला तर सर्वधर्मीयांसोबत अन्न वाटायला अवश्य जा. सगळे मार्ग एकच, या मताला मात्र योहान १४:६ (‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ हे येशूचे वचन) समोर ठेवून सौम्यपणे नकार द्या.

१८९३ची शिकागोची सर्वधर्म परिषद, गुप्त ज्ञानाने तारण मिळते असे मानणारे प्राचीन ज्ञेयवादी पंथ हे विषय नंतर पाहू. सध्या लूककृत शुभवर्तमान घ्या. रोज एक याप्रमाणे त्याचे २४ अध्याय महिन्याच्या आत पुरे होतील.